लाल दोऱ्यापर्यंत

चैत्र वद्य चतुर्थी, गुरुवार, सकाळची वेळ. रक्कम निजामी हाली सिक्क्याचे दोन रुपये सहा आणे. हजर: मी, आपली शांता आणि शेजारच्या खाला.

तू असतीस तर हसली असतीस. कोणतीही गोष्ट सांगायची म्हटली की मी आधी तारीख, रक्कम आणि हजर माणसं सांगतो, ही माझी करोडगिरीच्या जकात नाक्यावरची सवय. तू तिची लई टिंगल केलीस. "मी मेल्यावर बी तुमी असंच लिवनार. तारीख, रक्कम, हजर कोन," असं खालांना भिंतीवरून ओरडून सांगितलं होतंस, आणि त्या दोन्ही हातांनी कान धरून "तौबा तौबा" म्हणाल्या होत्या. तू गेलीस त्या दिवशी मी काहीच लिहिलं नाही. आज पहिल्यांदा लिहावंसं वाटलं, कारण आज सांगण्यासारखं आहे.

ते दोन रुपये सहा आणे लोकरीचे होते. तुला आठवत असेल, शांतेच्या परीक्षेच्या स्वेटरसाठी खालांनी त्यांच्या मुलाकडून हैदराबादहून कथ्थी रंगाची पाऊण रत्तल लोकर मागवली होती. त्या वेळी पैसे द्यायचे राहिले. नंतर तुझं आजारपण आलं. आज मी आणि शांता पैसे घेऊन गेलो, तर खालांनी हात मागे घेतला. म्हणाल्या, "ये सौदा तुमारा नहीं, भाईजान. ये उसका-मेरा था." मग कसला सौदा होता ते त्यांनी सांगितलं. ते मी शेवटी लिहितो. आधीचं आधी.

शांतेच्या मिडलच्या परीक्षेत दस्तकारीचा, म्हणजे हातकामाचा, पर्चा आहे हे कळलं तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला अजून दिसतो. जे तू घरात पोरीला उगीच शिकवतेस असं मी म्हणत होतो, ते सरकारनं परीक्षेत घातलं होतं. "आता काय म्हंता?" तू विचारलंस. मी म्हणालो, "एक पर्चा आहे तो. बाकी सहा आहेत." माझं म्हणणं तेव्हाही साधं होतं आणि अजूनही मला ते चुकीचं वाटत नाही. दिवसाला तास ठरलेले. त्यातून शाळा वजा करा, झोप वजा करा, जेवणखाण वजा करा. उरतं त्यात उर्दू, हिसाब आणि भूगोल बसवायचा की दोडक्याला पाणी, वाकळेचे टाके आणि लोकरीच्या सुया?

मी एकदा कागदावर तिच्या दिवसाचा तक्ता आखून भिंतीला लावला होता. तीन दिवसांनी तो मला भेंडीच्या बियांच्या पुडीवर सापडला.

"अगं, तो तक्ता होता."

"कागद चांगला व्हता," तू म्हणालीस.

तुझा तक्ता वेगळा होता आणि तो कुठंच लिहिलेला नव्हता. सकाळी परसात पाणी घालताना पाढे. भांड्यांचं पाणी अळूला, तांदूळ धुतलेलं पाणी मिरचीला, आणि प्रत्येक वाफ्याला एक पाढा. वाफा संपेपर्यंत पाढा संपला पाहिजे. बीडच्या उन्हाळ्यात पाणी इतकं बेतानं घालावं लागतं की पाढा आपोआप लवकर म्हटला जायचा. संध्याकाळी ती धडा वाचायची आणि तू बाजेवर बसून वाकळ शिवायचीस. तिनं वाचलेलं सगळं तुझ्या कानात बसायचं. एकदा शांता घोकत होती, "दरया-ए-गोदावरी कहां से निकलता है," आणि पुढचं तिला आठवेना. तू सुईत दोरा ओवता ओवता म्हणालीस, "तिरंबकाहून. त्यात इचारायचं काय? माजी आज्जी जाऊन आल्ती." अक्षर एक ओळखत नव्हतीस, पण सहामाहीपर्यंत भूगोलाचं अर्धं पुस्तक तुझ्या तोंडी होतं.

"हात कामात आसला की डोकं भटकत न्हाई," हे तुझं म्हणणं. मी म्हणायचो, भटकत नाही, पण अडकतं. आणि माझ्याकडे पुरावा होता. मदरशात, शाळेतल्या भर वर्गात, बाईंनी शांतेला उभं करून विचारलं होतं, सात आठे किती? तर ही म्हणाली, दोन सुलट, दोन उलट. सगळा वर्ग हसला. पोरगी रडत घरी आली. मी तुझ्याकडे असं पाहिलं की आता बोल. आणि तू हसत सुटलीस, इतकी की तुला ठसका लागला आणि शांता रडता रडता तुझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग ती पण हसली. मी तसाच उभा. सात आठे छप्पन्न, असं मी म्हणालो. ते कुणी ऐकलं नाही.

तो ठसका तेव्हा आम्ही कुणीच मोजला नाही. पुढं तो थांबेना.

पौषात तू बाज धरलीस. त्याच वेळी शांतेचा खरा अभ्यास सुरू झाला. स्वेटरची पाठ तिची पूर्ण झाली होती. पुढची बाजू खालून एक वीत वर आली होती आणि तिथंच थांबली होती, कारण हिसाबाच्या बाईंनी रोज दहा गणितं द्यायला सुरुवात केली होती. शाळा, गणितं, चूल, तुझं औषध, परस. पोरगी सुकली. आणि एक दिवस नाक्यावरून आलो तर मला दिसलं, की शांता जमिनीवर पाटी घेऊन बसली आहे आणि तू बाजेवर उशीला टेकून तिचा स्वेटर विणते आहेस. छत्रीच्या तारा घासून खालांनी तुला दिलेल्या त्या सुया. टक टक आवाज.

"हे काय चाललंय?"

"तू वाच, मी दोन ओळी घालते म्हनलं तिला."

"अगं, ही परीक्षेची वस्तू आहे. तिच्या हातचीच पाहिजे. सोबतच्या कागदावर वलीची, म्हणजे पालकाची, सही लागते की काम तिचंच आहे. वली म्हणजे मी."

"मग करा की सही. हात हाय ना तुमाला?"

मी न पाहिलेल्या पोत्यावर आजवर सही केली नाही, हे तुला सांगायची गरज नव्हती. नाक्यावर माझ्यामुळे किती गाड्या थांबल्या आणि किती लोकांनी मला शिव्या घातल्या, ते तू ऐकून होतीस. तरी मी तेच पुन्हा सांगितलं. तू सुई थांबवली नाहीस.

"घरचं काम हाय. त्यात तिचं-माजं कावून करता?"

"घरात करू नये. इम्तिहानात करावं लागतं."

"येळ आली की बगू," तू म्हणालीस आणि शांतेला म्हणालीस, "तू वाच गं. तुज्या बापाचं चालूच ऱ्हानार."

त्या दिवसापासून तू रोज विणत राहिलीस. कधी चार ओळी, कधी एक. मला वाटलं, तू मला जुमानत नाहीस. असंही वाटलं की आजारी माणसाशी किती वाद घालायचा. सही करायची वेळ येईल तेव्हा पाहू. दोघांनीही ते पुढं ढकललं. मग तुला पुढं ढकलायला काही उरलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तुझा श्वास असा चालायचा की घरात कुणाला जेवण गिळत नसे. तो थांबला तेव्हा दुःखाच्या आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी कुणाला बोललो नाही. तुला सांगायला हरकत नाही. तुला माझ्याआधी कळलं असेल.

सुतकात आपल्या घरात सुई धरत नाहीत, म्हणून तो स्वेटर तू ठेवला होतास तसाच राहिला. खालच्या कडेपासून वर गुंडाळलेला, सुया टाक्यांत तशाच, तुझ्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. तेरावा झाला. त्याच संध्याकाळी कड्याहून आलेल्या माझ्या थोरल्या भावानं, दादांनी, मला बाजूला घेतलं. ते वाईट माणूस नाहीत. पण म्हणाले, "घरात आता बाई न्हाई. पोरीची शाळा पुरे झाली. यंदाची परीक्षा हुकली तर हुकली. तिला कड्याला पाठव, वयनीच्या हाताखाली राहील." मी म्हणालो, परीक्षा होऊ द्या, मग बोलू. ते म्हणाले, "व्हनार असली तर दे." आणि गेले. म्हणजे आता गोष्ट सरळ होती. दस्तकारीची वस्तू आणि तिच्या कागदावरची माझी सही अठरा दिवसांत मदरशात गेली नाही, तर शांतेला परीक्षेला बसता येणार नव्हतं. आणि यंदा बसली नाही, तर ती परत कधी बसणार नव्हती. तुझं एकच मागणं होतं माझ्याकडे, मिडल होऊ द्या. ते होणार की नाही हे त्या फडक्यात बांधलेल्या गुंडाळीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर ती सोडली. खाला आपणहून आल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी स्वेटर मांडीवर पसरला, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "दो हातां हैं इसमें. ये देखो, इधर ढीला, इधर कसा हुआ."

मी बोटं लावून मोजलं. चार बोटांत शांतेच्या ओळी पंधरा, तुझ्या अठरा. तुझा हात घट्ट. वाकळेचा टाकाही तुझा असाच होता, पाणी आत जाणार नाही असा. जिथं एक हात संपतो आणि दुसरा लागतो तिथं अंग जरा आत घेतलेलं दिसत होतं, कुणी मध्ये पट्टा बांधावा तसं. औरंगाबादहून येणाऱ्या तपासणीच्या बाईंना हे दिसणार होतंच. पण नसतं दिसलं तरी माझ्यासाठी फरक नव्हता.

मी म्हणालो, "शांते, आईनं विणलेलं उसवावं लागेल. तेवढं तू परत विण."

शांतेनं स्वेटर खालांच्या मांडीवरून उचलला आणि पोटाशी धरला.

"न्हाई."

"मग मला सही करता येणार नाही."

"नका करू. मी परीक्षेला बसत न्हाई. मी कड्याला जाते. पन हे मी उसवनार न्हाई. हा आईचा हात हाय."

खाला म्हणाल्या, "भाईजान, बच्ची कू रुलाव नक्को. कोन देखने आता? सही मार देव."

"खाला, तुम्हीच दोन हात ओळखलेत."

"मैं तो उसकू विनना सिखाई. मैं पयचानूंगीच."

मला राग आला नव्हता. मला काय करावं ते कळत नव्हतं. तुझ्या हातचं शेवटचं जे काही घरात होतं ते तेवढंच होतं. लोणचं संपलं होतं. वाकळी जुन्या. आणि ते मीच माझ्या तोंडानं उसवायला सांगत होतो. खरं सांगायचं तर तेव्हा मला तुझा थोडा रागही आला, की मी सांगत होतो तरी तू ऐकलं नाहीस, आणि आता मला पोरीसमोर असं उभं केलंस. दुसरा स्वेटर विणावा म्हटलं तर तेवढी लोकर नव्हती आणि तेवढे दिवसही. खाला परत हैदराबादला लिहायचं म्हणाल्या, पण पत्र जाऊन लोकर येईपर्यंत परीक्षा संपली असती.

दोन दिवस शांता माझ्याशी फक्त कामापुरती बोलली. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची. परसात पाणी घालताना पाढा म्हणत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नाक्यावर जायला निघालो तर ती ओट्यावर बसली होती, स्वेटर पुढ्यात, सुया काढून ठेवलेल्या. वरचे टाके मोकळे. मला म्हणाली, "आप्पा, थांबा जरा. एकटीनं व्हत न्हाई."

मी चप्पल काढली आणि तिच्यासमोर बसलो. ती धागा ओढायची आणि मी तो गोळ्याला गुंडाळायचो. लोकर सुटत होती ती सरळ येत नव्हती. प्रत्येक टाक्याचं वळण तिच्यात राहिलं होतं, बारीक बारीक लाटा. एक ओळ गेली की शांता थांबायची, नाक पुसायची, पुढं ओढायची. मला भीती दुसरीच होती. उसवता उसवता कुठं थांबायचं? तुझी शेवटची ओळ संपली आणि तिची सुरू झाली हे ओट्यावर बसून मोजता येतं, पण धागा हातात असताना एक ओळ जास्त गेली, दोन टाके निसटले, की ते खालपर्यंत धावत जातात. मग तिनं विणलेलंही गेलं असतं. "हळू," मी म्हणत होतो. "हळू. आता चारच राहिल्या असतील."

आणि शांता थांबली.

"आप्पा, हे काय हाय?"

कथ्थी लोकरीच्या आत बारीक लाल सूत होतं. टाक्याटाक्यातून ओवलेलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, एकही टाका सोडलेला नाही. दोन्ही टोकं कडेच्या टाक्यात आत खोचलेली आणि मधलं सूत तुझ्या घट्ट टाक्यांखाली दबलेलं, म्हणून वरून कधी दिसलं नव्हतं. शांतेनं त्याच्या वरची शेवटची ओळ ओढून काढली आणि तिच्या स्वतःच्या ओळीचे सगळे टाके त्या लाल दोऱ्यावर उभे राहिले. जसे बगळे बांधावर उभे राहतात तसे. एकही गळला नाही. मी दोनदा मोजले.

शांतेला कळायला वेळ लागला नाही. "आईनं मला शिकवलं व्हतं," ती म्हणाली. "जिथून मागं यावं लागंल तिथं दोरा घालून ठेवायचा. म्हंजी कितीबी उसवलं तरी तिथं येऊन थांबतं." मग तिनं तो दोरा बोटानं चाचपला. "हा दोडक्याचा दोरा हाय."

तो तोच होता. बियाला राखलेल्या दोडक्याच्या देठाला तू जे लाल सूत बांधायचीस, म्हणजे घाईत कुणी तो भाजीला तोडू नये, त्याच रिळाचा. आपल्या परसात लाल दोरा दिसला की हात आवरायचा हे शांता चालायला लागल्यापासून शिकली होती. मीसुद्धा.

मग मला समजलं. तो दोरा नंतर घालता येत नाही असं नाही, पण तो पहिल्या दिवशीचाच होता. शांता म्हणाली, त्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा तू विणायला घेतलं होतंस आणि लाल सुताचं रीळ बाजेवर तुझ्या उशाशी पडलं होतं; दोडक्यासाठी असेल म्हणून तिनं विचारलं नव्हतं. म्हणजे मी नाक्यावरून येऊन वाद घालायच्या आधीच तू दोरा घातला होतास. मी सहीचं सांगत होतो तेव्हा तो तुझ्या मांडीवर, लोकरीच्या आत होता. तू मला म्हणू शकली असतीस की मला माहीत आहे, हे उसवायचं आहे. म्हणाली नाहीस. "येळ आली की बगू," एवढंच. मला चिडवायची संधी तू शेवटपर्यंत सोडली नाहीस.

पण मग ते सगळं कशाला विणलंस? रोज चार ओळी, शेवटी शेवटी दिवसाला एक? टिकणार नाही हे माहीत असलेलं? मी यावर बराच विचार केला आहे. पोरगी खाली बसून वाचणार, आणि तू वर नुसती पडून राहणार, हे तुला झालं नसतं. तिनं वाचायला तुझे हात चालू हवेत, ही तुमची दोघींची सवय होती. सुया टक टक वाजत होत्या तोवर तिला वाटत होतं आई बरी आहे, आणि ती गणितं सोडवत होती. एवढंच असेल. किंवा आणखी काही असेल तर ते तुझं तुझ्यापाशी.

मी त्या ओट्यावर इतका मोठ्यानं हसलो की खाला भिंतीवरून डोकावल्या. त्यांना वाटलं भाईजानच्या डोक्यावर परिणाम झाला. शांता आधी घाबरली, मग तीही हसली, मग रडली, आणि मग तिनं सुई घेऊन लाल दोऱ्यावरचे टाके एक एक करून परत सुईवर चढवले. त्या दिवशी मी नाक्यावर उशिरा गेलो. पगार कापला तर कापू दे, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. कापला नाही.

लाटा पडलेली लोकर खालांनी कोमट पाण्यातून काढली, लड करून खाली दगडाचं वजन बांधलं आणि दोन दिवस सावलीत लोंबकळत ठेवली. "सीधी हो जाती," म्हणाल्या. बरीचशी झाली. सगळी नाही झाली.

मग मी परत तक्ता केला. या वेळी त्यात विणकाम होतं. पण तासाची वजाबाकी केली तशी ती जुळेना, तेव्हा मी तुझी रीत घेतली. संध्याकाळी मी पुस्तक धरायचो आणि वाचायचो, ती विणायची. उर्दू मला नाक्यापुरती येते. भूगोलातली नावं मी अशी वाचायचो की शांता सुया खाली ठेवून दुरुस्त करायची. तेवढ्यानं तिचा धडा पाठ व्हायचा. परस मी घेतला. एकदा सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मिरचीला पाणी घातलं तर खाला भिंतीवरून ओरडल्या, "दोपेर कू नक्को, नक्को! जड जल जाती!" दोन रोपं गेली. वाफ्याला पाढा म्हणून पाहिला. मला तिसाचा पाढा येतो, पण आपले वाफे विसाच्या पाढ्यातच संपतात.

मदरशात द्यायच्या आदल्या दिवशी स्वेटर झाला. मी त्याच्यावर बोटं ठेवून वरपासून खालपर्यंत मोजलं. चार बोटांत पंधरा, सगळीकडे. सही केली. हात थांबला नाही.

तपासणीच्या बाई औरंगाबादहून आल्या त्या दिवशी मी मदरशाच्या दरवाज्याबाहेर उभा होतो. शांतेनं नंतर सांगितलं. बाईंनी स्वेटर उलटा केला, आतली बाजू पाहिली, टाके ओढून पाहिले, उजेडात धरला. मग मुख्य बाईंना म्हणाल्या, "सगळं एका हातचं आहे." आणि त्यावर नंबर लिहून बाजूला ठेवला. शांता म्हणाली, "आप्पा, त्या म्हनल्या तवा मला वाटलं सांगावं, लोकर दोघींच्या हातची हाय." मी विचारलं, "सांगितलंस?" म्हणाली, "न्हाई. विचारलं नव्हतं."

बाकीचे पर्चे परवा संपले. हिसाबात नऊ गणितं बरोबर आली असं तिचं म्हणणं. मी रात्रीचं जेवण थांबवून तपासली. आठ बरोबर आहेत. आठ पुरेत. कड्याच्या दादांना लिहिलं आहे की परीक्षा झाली, आता निकालाची वाट पाहतो, आणि पास झाली तर पुढचं शिक्षणही होणार, घराचं आम्ही दोघं पाहू. चूल तिची एक वेळ, माझी एक वेळ. माझी भाकरी फुगत नाही. शांता म्हणते, "आप्पा, कडा जाड ठेवता तुमी." खाते मात्र.

आता तो सौदा. आज सकाळी पैसे नाकारताना खाला म्हणाल्या, की लोकर मागवली तेव्हाच तू त्यांना कबूल केलं होतंस, पैसे नाही, त्याच्या बदल्यात बी. गेल्या पावसाळ्यातला तो लांब दोडका त्यांना आवडला होता, देठाला लाल दोरा असलेला. तो तू वाळवून चुलीवरच्या आढ्याला टांगला होतास. त्यांना स्वतःचा वेल हवा होता भिंतीवर, आपल्या बाजूनं नाही, त्यांच्या बाजूनं. मी म्हणालो, मला हे माहीत नव्हतं. खाला म्हणाल्या, "तुमकू सब मालूम होना जरूरी नहीं, भाईजान."

शांतेनं घरी जाऊन आढ्यावरचा दोडका काढला. हलवला की खुळखुळत होता. ओट्यावर फोडला, बी सुपात काढलं, निवडलं, थोडं आपल्यासाठी ठेवलं. स्वेटरच्या टाक्यांतून निघालेला लाल दोरा तिनं पाठ्यपुस्तकात खूण म्हणून ठेवला होता, तो आणला आणि पुडी त्यानंच बांधली. खालांनी पुडी घेतली, डोळ्यांना लावली आणि दोरा सोडून बी पदराच्या गाठीत घातलं.

दिलं: दोडक्याचं बी, दोन मुठी. कुणाला: खालांना, लोकरीबद्दल, ठरल्याप्रमाणे. बाकी काही नाही. दोरा शांतेनं परत मागून घेतला. ज्येष्ठात आपलाही वेल लावायचा आहे आणि त्याचा एक दोडका बियाला राखायचा आहे.